बिल्टीवरचं कळमेश्वर

नागपूरहून अमरावती रोडनं निघालात की शहर संपता संपता वाडी लागते. दोन्ही बाजूंना गोडाऊन, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, उभे ट्रक. इथल्याच एका छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यासाठी मी बिल्टी बनवणारं वेब ॲप लिहिलं. कोणाचे किती नग, कुठे जाणार, भाडं कोण देणार, एवढंच त्यात आहे. मालकांची अट एकच होती. "बिल्टी मराठीत निघाली पाहिजे भाऊ. माझ्या हमालाला वाचता आली पाहिजे."

ॲप पायथनमधल्या जँगोवर आहे. स्क्रीनवर मराठी झकास दिसायचं, पण पीडीएफ काढली की घोटाळा. आधी वापरून पाहिलेल्या लायब्ररीनं 'कळमेश्वर'मधला श्व फोडला आणि 'हिंगणा'ची वेलांटी ह च्या नंतर नेऊन ठेवली. याचं कारण असं की कॉम्प्युटर अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतो. ती जोडून, वेलांटी योग्य जागी बसवून कागदावर मांडण्याचं काम पँगो आणि हार्फबझ हे वेगळे प्रोग्राम करतात. ते पायथनचे नाहीत, खाली सिस्टिममध्ये राहतात.

वीझीप्रिंट ही लायब्ररी पँगो वापरून पीडीएफ बनवते. यूट्यूबवरचे बहुतेक धडे सांगतात की लायब्ररी हवी तर पिपनं आणा. पण पिप पायथनच्या वस्तू आणतो, लिनक्सवर पँगो आणत नाही, मराठी फॉन्ट तर नाहीच. म्हणून मी ऑफिसातल्या डेबियन १२ वर सगळंच एपीटीनं घेतलं: जँगो, पोस्टग्रेस, एनजिनेक्स, वीझीप्रिंट आणि लोहित देवनागरी फॉन्ट. पँगो आणि हार्फबझ वीझीप्रिंटच्या मागोमाग आपोआप आले. कळमेश्वर पहिल्याच प्रिंटला नीट उमटलं.

एपीटी म्हणजे डेबियनचा पॅकेज मॅनेजर. वाडीतल्या माणसाला तो समजावणं सोपं आहे. ते मोठं गोडाऊन आहे. प्रत्येक नगावर लिहिलंय की याच्यासोबत अजून काय लागतं, आणि सही जुळली नाही तर एपीटी माल घेत नाही. फरक एवढाच की हे गोडाऊन जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. इयन मर्डॉकनं १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांवर पॅकेजेस आहेत. लोहित फॉन्ट रेड हॅटनं २००४ मध्ये खुले केले आणि पुढे त्यांच्या पुण्यातल्या लोकांनी अनेक वर्षं सांभाळले. वाडीतल्या बिल्टीमागे इतके हात आहेत.

याची किंमतही आहे. डेबियन १२ मधलं जँगो ३.२ आहे, म्हणजे २०२१ चं. पुण्यातल्या एका इंटरव्ह्यूत मला विचारलं, "जँगो ५ आलंय, तुम्ही अजून ३.२ वर?" प्रश्न रास्त होता. ज्यांच्याकडे रोज कोड बघणारी टीम आहे त्यांनी नवं जरूर घ्यावं. माझ्या गिऱ्हाइकाकडे टीम म्हणजे मी एकटा, आणि मीही नोकरीसाठी पुण्याला निघालो होतो.

मी गेल्यावर या मशीनकडे कोण बघणार, हा खरा प्रश्न होता. पिपनं आणलेल्या लायब्ररीत भोक सापडलं तर ते मीच ऐकायचं, मीच नवी आवृत्ती आणायची, त्यानं काय मोडलं तेही मीच बघायचं. डेबियनची सुरक्षा टीम शक्यतो आवृत्ती तीच ठेवून फक्त दुरुस्ती त्यात बसवते आणि ती मशीनवर रात्री आपोआप उतरते. सकाळी बिल्टी कालसारखीच निघते.

आंधळा विश्वास मात्र इथेही नको. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून ते सापडलं. तो माल डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचला होता, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. ज्या संथपणाला आपण हसतो, त्यानंच तेव्हा वाचवलं.

डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. त्यानंतर पुढच्या आवृत्तीवर नेताना कोणीतरी बसून हात लावावाच लागेल, हे मालकांना सांगून ठेवलंय. तारीख, मशीनचा पासवर्ड आणि एपीटीनं घेतलेल्या पॅकेजेसची यादी बिल्टीबुकाच्या शेवटच्या पानावर मराठीत लिहून दिलीय. यादी पाच ओळींची आहे. माझ्यानंतर येणाऱ्या पोराला तेवढी पुरावी.