एकोणतिसावी पायरी

कोरियन भाषेत अद्भुत-भयावह कथेला 'ग्वेदाम' म्हणतात आणि जिन्याला 'ग्येदान'. मुलींच्या उच्च माध्यमिक शाळेसाठी 'योगो' हा संक्षेप रूढ आहे, आणि कोल्हीला 'योउ' म्हणतात. २००३ साली सोलमध्ये प्रदर्शित झालेल्या 'योगो ग्वेदाम : योउ ग्येदान' या चित्रपटाच्या शीर्षकात हे चारही शब्द असे जुळवलेले आहेत, की पहिली जोडी उच्चारता उच्चारता दुसरीत मिसळून जाते. शाळेची कोल्ही होते आणि गोष्टीचा जिना होतो. परदेशी प्रेक्षकांसाठी योजलेल्या 'विशिंग स्टेअर्स' या नावात हा श्लेष तर गेलाच, पण कोल्हीही गेली. उरला तो इच्छा पुरवणारा जिना. चित्रपटाची तुलना या दोन नावांशी केली, तर तो मूळ नावापेक्षा भाषांतरित नावाच्या अधिक जवळचा आहे, असे खेदाने म्हणावे लागते. आणि तो फसला कुठे, याचा शोधही इथूनच सुरू करता येतो.

'योगो ग्वेदाम' ही चित्रमाला रूढ अर्थाने पुढे चालणारी कथा नव्हे. पार्क की-ह्यंग यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९९८चा. किम ते-योंग आणि मिन ग्यू-दोंग या दोघांनी मिळून केलेला दुसरा, 'मेमेंटो मोरी' या नावाने जगभर ओळखला गेलेला, १९९९चा. तिसरा युन जे-यन यांचा. दर वेळी दिग्दर्शक नवा, कथा नवी, आणि नट्या बहुतेक नवख्या. (शाळेतही दर वर्षी नवी तुकडीच येते, या मालेच्या निर्मात्याला हे साम्य जाणवले नसेल असे वाटत नाही.) आधीच्या चित्रपटातले भूत पुढच्यात येत नाही. पुढे येते ती शाळा. त्यामुळे 'पुढचा भाग' या नात्याने अशा चित्रपटाकडून प्रेक्षक जी अपेक्षा बाळगतो ती पात्रांविषयीची नसते, वास्तूविषयीची असते. ही वास्तू आता काय सांगणार, असा तिचा प्रश्न असतो.

पहिल्या चित्रपटाने या प्रश्नाला जे उत्तर दिले होते त्याची धार आजही बोथट झालेली नाही. पहिल्याच रात्री एक वयस्क शिक्षिका जुन्या तुकड्यांची छायाचित्रे चाळते, आणि मेलेली एक मुलगी अजूनही शाळेत येते आहे हे आपल्या माजी विद्यार्थिनीला फोनवरून सांगते. सकाळी तिचा देहच सापडतो. जिन-जू ही ती मेलेली मुलगी नऊ वर्षे वर्गात बसत आली आहे. दर तीन वर्षांनी तुकडी पुढे जाते, ती पुन्हा पहिल्या वर्षात येऊन बसते, आणि हजेरी घेणाऱ्या एकाही शिक्षकाच्या हे लक्षात येत नाही. भयाचे मूळ इथे आहे. भूत माणसात बेमालूम मिसळते हे त्यातले भय नव्हे. मुलीचा चेहरा पाहण्याची गरज या संस्थेला नऊ वर्षांत एकदाही पडत नाही, या गोष्टीचे ते भय आहे.

त्या चित्रपटातल्या मुलींनी त्या वयस्क शिक्षिकेला टोपणनाव दिले होते : 'म्हातारी कोल्ही'. दुसरा एक शिक्षक 'पिसाळलेला कुत्रा' म्हणून ओळखला जातो, आणि त्याची मारहाण कॅमेरा मुळीच आडोसा न घेता दाखवतो. सो-यंग आणि जंग-सुक या दोन मैत्रिणींत दुरावा येतो तोही आपोआप नव्हे. पहिला क्रमांक कोणाचा आणि दुसरा कोणाचा, हे वर्गासमोर उच्चारले जाते. तुलना शिक्षक करतो आणि वैर मुलींच्या वाट्याला येते. ज्या देशात विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेतील इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना विमानांची उड्डाणेदेखील थांबवली जातात, तिथे हे चित्र कोणाला अतिशयोक्त वाटण्याचे कारण नव्हते. चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाविरोधी असल्याचा निर्णय तेथील घटना-न्यायालयाने १९९६ साली दिला होता. त्यानंतर दोनच वर्षांत आलेला हा चित्रपट आहे. शाळेविषयी मोठ्याने बोलता येते, हे त्याला नुकतेच कळले होते.

कोरियन भूतकथेचा एक जुना आकृतिबंध इथे ध्यानात घेतला पाहिजे. जोसॉन काळातील जांगह्वा आणि होंगन्योन या दोन बहिणींच्या कथेत, सावत्र आईच्या कारस्थानाला बळी पडलेल्या मुली नव्याने नेमलेल्या न्यायाधिकाऱ्यासमोर प्रकट होतात. एकामागून एक अधिकारी भीतीने मरतात. अखेरीस एक जण मरत नाही, बसून ऐकतो, चौकशी करतो, आणि मगच मुली शांत होतात. म्हणजे या परंपरेत भूत हे मुळात फिर्यादी असते. त्याला कोणाला घाबरवायचे नसते. ऐकण्याचे ज्यांचे काम आहे त्यांना ऐकण्याचे धैर्य नाही, म्हणून ते भयंकर ठरते. याच कथेवर बेतलेला किम जी-वून यांचा चित्रपट २००३च्याच उन्हाळ्यात, 'योउ ग्येदान'च्या थोडा आधी, प्रदर्शित झाला होता, हा योगायोग तिसऱ्या चित्रपटाला फारसा सोयीचा ठरला नाही.

१९९८च्या चित्रपटात शिक्षिका होऊन परतलेली उन-यंग ही असा ऐकून घेणारा अधिकारी आहे. मात्र ती स्वतःही आरोपी आहे, कारण शाळेत असताना मांत्रिकिणीच्या या मुलीची संगत तिने शिक्षिकेच्या सांगण्यावरून तोडली होती. 'मेमेंटो मोरी'मध्ये फिर्याद दोन मुलींनी मिळून लिहिलेल्या रोजनिशीच्या रूपाने एका तिसऱ्या, अनोळखी मुलीच्या हाती पडते. त्या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे एवढेच पुरे, की तिथली मैत्रीण मरते ती प्रेम उघड झाले म्हणून आणि ते एकटीला निभावावे लागले म्हणून, आणि सगळी शाळा त्याची साक्षीदार असते.

आता तिसरा चित्रपट. मुलींच्या कलाशाळेच्या वसतिगृहाकडे जाणाऱ्या जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या आहेत. एकेक मोजत मनापासून वर चढले आणि एकोणतिसावी पायरी उमटली, तर कोल्ही इच्छा पुरी करते, अशी मुलींत वदंता आहे. जिन-संग आणि सो-ही या बॅले शिकणाऱ्या जिवलग मैत्रिणी. संधी एकाच मुलीला आहे. जिन-संग जिना चढते. पुढे दोघींच्या झटापटीत सो-ही जिन्यावरून कोसळते, तिचे नृत्य संपते आणि मग तीही संपते. जिन-संगला जे हवे होते ते मिळते.

फिर्यादीची जागा नवसाने घेतली आहे, हे या सारांशावरूनही लक्षात येईल. नवसात मागणारा असतो, देणारे दैवत असते, आणि फेडायचे ऋण असते. न्यायाधिकाऱ्याला तिथे जागाच नसते. मागितले कोणी, तर मुलीने. मग भोगावे कोणी, तर मुलीनेच. शाळेचे नाव या हिशेबात कुठेच येत नाही. पहिल्या चित्रपटात वैराला कर्ता होता, तो फळ्यासमोर उभा होता. इथे एकच जागा का आहे, ती कोणी एकच ठेवली, हे कोणीही विचारत नाही. ते हवामानासारखे गृहीत धरलेले आहे. शिक्षक येतात आणि जातात, आणि त्यांपैकी एकही चेहरा चित्रपट संपल्यावर आठवत नाही. पूर्वी शिक्षिकेला चिकटलेले 'कोल्ही' हे नाव आता दगडी पायऱ्यांना चिकटले आहे, आणि त्यामुळे ते निरुपद्रवी झाले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. १९९७च्या आर्थिक अरिष्टानंतर कोरियन समाजात स्पर्धा इतकी अंतर्गत झाली, की छडी घेतलेल्या शिक्षकाची गरजच उरली नाही. मुली स्वतःच स्वतःच्या पर्यवेक्षिका झाल्या. तेव्हा २००३च्या चित्रपटातून शिक्षक अदृश्य होणे हेच वास्तवाचे अधिक सूक्ष्म दर्शन आहे, असे कोणी म्हणेल. युक्तिवाद आकर्षक आहे. पण मग ती इच्छा मुलीच्या मनात कशी रुजली, ते दाखवण्याची जबाबदारी चित्रपटावर येते. एकोणतिसावी पायरी अद्भुत असेल. खालच्या अठ्ठावीस तर कोणीतरी बांधलेल्या आहेत. त्या अठ्ठावीस पायऱ्यांत चित्रपटाला रस नाही. जिन-संग बोटे आवळून मोजत चढते तेव्हा क्षणभर असे वाटते, की आता या मोजण्यातून क्रमांक, गुण, वजन, वय अशी सगळी मापे उलगडत जातील. ती उलगडत नाहीत. पायरी उमटते, आणि त्यानंतर १९९८च्या जपानी 'रिंगु'पासून सर्वत्र रूढ झालेले, चेहऱ्यावर केस सोडलेले भूत आपल्या ठरलेल्या चालीने येऊ लागते.

आपल्या रसचर्चेच्या परिभाषेत सांगायचे, तर आधीच्या दोन्ही चित्रपटांत भयानकाची परिणती करुणात होत होती. पहिल्यातली जिन-जू कॉरिडॉरमधून तीन झेपांत कॅमेऱ्यावर चालून येते, तो क्षण पुढे असंख्य वेळा उचलला गेला. परंतु तिला शाळा सोडवत नाही ती मैत्रीण हवी आहे म्हणून, हे कळल्यावर त्या झेपांचा अर्थ मागे जाऊन बदलतो. तिसऱ्यात भयानकाच्या शेजारी बीभत्स येऊन बसतो, आणि मागे जाऊन बदलण्यासारखे काही उरत नाही. (तिकीटबारीवर मात्र तो 'मेमेंटो मोरी'पेक्षा चांगला चालला. याचे आश्चर्य वाटू नये.)

मालेने पुढे २००५, २००९ आणि २०२१ अशी आणखी तीन वळणे घेतली. शेवटच्या चित्रपटात एक स्त्री पुन्हा आपल्या जुन्या शाळेत, या वेळी उपमुख्याध्यापिका म्हणून परत येते, आणि विसरलेल्या गोष्टीचा धागा १९८०च्या ग्वांगजूपर्यंत पोहोचतो. म्हणजे तेवीस वर्षांनी का होईना, फिर्याद ऐकणारी व्यक्ती शाळेत परतली.

परंतु 'योउ ग्येदान'विषयीचा अपेक्षाभंग सर्वांत तीव्र होतो तो ह्ये-जूच्या संदर्भात. ही शिल्पकला शिकणारी स्थूल मुलगी. तिला सगळ्या हसतात, आणि दुर्दैवाने कॅमेराही त्यांच्यात सामील होतो. नटीच्या अंगावर चढवलेला खोटा मेद आणि तिचे खाणे तो विनोदाच्या अंतरावरून न्याहाळतो. या मालेतील पहिली स्त्री-दिग्दर्शक इथे कॅमेऱ्यामागे असावी, याची खंत वाटते. ह्ये-जू बारीक होण्याचा नवस बोलते. बारीक होते, आणि तरी खात राहते, ओकत राहते. मुलीच्या देहावर संस्थेने लिहिलेली फिर्याद याहून स्पष्ट अक्षरांत क्वचितच वाचायला मिळेल. चित्रपट ती केवळ घृणेसाठी वापरतो. सो-ही मेल्यावर तिच्या वस्तू जपते ती ह्ये-जूच, कारण तिच्याशी माणसासारखे वागणारी तेवढी एकच मुलगी त्या शाळेत होती. मग ती पुन्हा जिन्यापाशी येते. या वेळी ती स्वतःसाठी काही मागत नाही, सो-हीला परत मागते. साऱ्या चित्रपटात दुसऱ्यासाठी मोजत चढलेल्या त्या एवढ्याच अठ्ठावीस पायऱ्या. एकोणतिसावी तेव्हाही उमटते. आणि ह्ये-जूच्या वाट्याला तीच शिक्षा येते, जी जिन-संगच्या वाट्याला येते.