सिंटॅक्स ओके

सोयाबीनची सुडी लागून आठ दिवस झाले होते आणि ताडपत्रीवर रोज ढग येऊन बसत होते. शेवटी मळणीयंत्राचा नंबर लागला, आणि मी पुण्याहून सुटी टाकून दुसरबीडला आले. ऑक्टोबर २०२४. माझं काम पाणी आणून देणं आणि पोती मोजणं. बाकी कुणी मला हात लावू देत नाही. कॉम्प्युटरवाली म्हटल्यावर आपोआप नाजूक ठरतं माणूस.

दुपारी बाराच्या सुमारास फोन थरथरायला लागला. ‘ताई, साईट लागून नाही राहिली.’ मग दुसरा, तिसरा. गेल्या वर्षी मी हौसेनं एक साइट काढली होती. आसपासच्या बाजारांतले सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव एका पानावर, बस. बिबी, किनगाव राजा, सिंदखेड राजा, पार मेहकरपर्यंतची माणसं बघतात. भाव टाकले की लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सोडायची. अडचण इथेच आहे. दिवसभर कुत्रं फिरकत नाही आणि लिंक सोडली की पाच मिनिटांत सगळा तालुका एकदम दारात.

लिंबाखाली लॅपटॉप उघडला. बॅटरी ३८ टक्के, नेट फोनचं. पहिला संशय अर्थातच गावच्या नेटवर. पण संशय आणि मोजमाप वेगळं. कर्ल या कमांडनं वेळ मोजली: सर्व्हरशी जोडणी ०.३ सेकंदात, पानाचा पहिला बाइट मात्र ४१ सेकंदांनी. म्हणजे टॉवरची चूक नव्हती. दार लगेच उघडत होतं, आतून कुणी बाहेर येत नव्हतं.

सर्व्हरवर लॉगिन व्हायलाच तीन मिनिटं गेली. शिरल्या शिरल्या टीमक्स लावलं, म्हणजे इकडचं नेट तुटलं तरी तिकडचं काम उघडं राहतं. ही सवय मला शहरात कधी लागली नसती. मग टॉप ही कमांड. लोड ७० च्या पुढे, पण सीपीयू जवळपास मोकळा! ‘डब्ल्यूए’चा आकडा तेवढा नव्वदीत. सीपीयूला काम नव्हतं. सगळे डिस्कच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. दोन जीबी रॅम संपलेली, स्वॅप काठोकाठ. रॅममध्ये जागा उरली नाही की लिनक्स थोडा पसारा डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. अधूनमधून केलं तर चालतं. इथे सर्व्हर दुसरं काही करतच नव्हता.

कर्नलच्या लॉगमध्ये मायएसक्यूएलचा खून झालेला दिसला, दोनदा. मेमरी संपली की कर्नल कुणाला तरी मारतो, आणि बहुधा ज्यानं सर्वांत जास्त मेमरी धरलीय त्याला. बिचारा डेटाबेस आपल्या जागी गुमान बसलेला. गर्दी केली वेबसर्व्हर अपाचेनं आणि जीव याचा गेला. लोकांना मधूनच ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असं दिसत होतं ते त्यामुळे. पहिल्यांदाच हे बघणारा डेटाबेसच्या मागे दिवस घालवतो. मीही एकेकाळी घालवला आहे.

मग अपाचेचा एररलॉग, आणि तिथे माझी जुनी ओळखीची ओळ: ‘एएच००१६१’. सर्व्हरनं मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सची, म्हणजे एका वेळी किती जणांना आत घ्यायचं त्याची, मर्यादा गाठली आहे, मर्यादा वाढवायचा विचार करा, असं ती चक्क सुचवते. हीच ओळ मी उन्हाळ्यात वाचली होती. आणि आज्ञाधारकपणे १५० चे ४०० केले होते. प्रीफोर्कमध्ये, म्हणजे प्रत्येकाला वेगळी प्रोसेस देणाऱ्या पद्धतीत, २५६ च्या वर जायचं तर सर्व्हरलिमिटही वाढवावी लागते. तीही मोठ्या हुशारीनं वाढवली होती. उन्हाळ्यात सोयाबीनचा भाव बघायला येतंय कोण? म्हणून निभावलं.

हिशेब मांडायला हवा होता, तो आता पोत्यांच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. पीएचपी पोटात घेतलेली अपाचेची एक प्रोसेस साधारण ४५ एमबी. गुणिले ४००. अठरा जीबी! आणि घरात दोन. डेटाबेस आणि सिस्टिमला ८०० एमबी ठेवले तर उरतात बाराशे. भागिले ४५, म्हणजे सव्वीस. मी २५ लिहिलं. फाइल तपासली: ‘सिंटॅक्स ओके’. सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा चालू केला, कारण सर्व्हरलिमिट नुसत्या रीस्टार्टला दाद देत नाही.

पाच मिनिटं बरं वाटलं. मग पुन्हा तेच.

एवढ्यात मळणीयंत्र चोक झालं. कुणीतरी घाईनं मोठा भारा आत ढकलला होता, ट्रॅक्टरचा आवाज बसला आणि पट्टा घसरायला लागला. यंत्रवाला ओरडला, ‘दमानं टाका ना बापा!’ नेमक्या अशा वेळी कथेतल्या माणसांना साक्षात्कार होतो. मला नाही झाला. मला फक्त एवढंच वाटलं की बरं झालं, गोंगाट थांबला.

त्या शांततेत सगळ्या कॉन्फिगमध्ये ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ हा शब्द शोधला, तर दोन जागी सापडला. मी आत्ता बदललेली प्रीफोर्कची फाइल, आणि मुख्य फाइलच्या अगदी तळाशी मीच उन्हाळ्यात चिकटवलेले ४००. अपाचे फाइल वरून खाली वाचतो. एकच गोष्ट दोनदा लिहिली तर नंतरची खरी. सातबाऱ्यावर जुनी नोंद राहून जावी तसं. आणि ‘सिंटॅक्स ओके’ खोटं नव्हतंच. व्याकरण दोन्ही ओळींचं शुद्ध होतं. तुमच्या घरात रॅम किती, हे ती तपासणी विचारत नाही.

तळाच्या ओळी काढल्या. तिथेच कीपअलाइव्हटाइमआउटही १५ सेकंदांचा दिसला, कुठल्यातरी जुन्या फाइलमधून उचललेला. पान बघून झालेला माणूस पंधरा सेकंद खुर्ची अडवून बसणार. ते दोनवर आणलं. बंद, चालू. लोड उतरायला लागला. ७० वरून १२, मग २ च्या आत. कर्ल: पहिला बाइट ०.६ सेकंद. जागा चारशेवरून पंचवीस केल्या, आणि साइट पळायला लागली. बाकीचे बाहेर रांगेत उभे राहतात, पण रांग हलते. बॅटरी ९ टक्के होती.

संध्याकाळी शेवटचं पोतं शिवताना बाबांनी विचारलं, ‘झालं का तुझं बाई?’

‘झालं.’

‘दाखव बरं.’

त्यांच्याच फोनवर पान उघडलं. बोट उचलायच्या आत समोर. बाबांनी फोन लांब धरून भाव वाचला, मग ओळीनं लावलेल्या पोत्यांकडे बघितलं. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. पानावरचा आकडा बराच खाली.

‘मघाशी उघडत नव्हतं तेच बरं होतं,’ म्हणाले, आणि सुतळीला गाठ मारली.