शीव
पालीची आमची आजी शाळेत गेली नाही, पण सरहद्द तिला पाठ होती. बीड निजामाचं, नगर इंग्रजांचं. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तर नगर स्वतंत्र भारतात. तिचा बाप मजुरीला नगरकडं जायचा. तिकडं कलदार, इकडं हाली रुपया. नाक्यावर करोडगिरीवाला गाठोडं हातानं उचकायचा. गावात मात्र त्याच बापाला पाणी वरून ओतायचे.

१३ सप्टेंबर १९४८ला फौजा शिरल्या, १७ला निजाम शरण आला. पाच दिवसांत सरहद्द मोडली. पाणी वरूनच राह्यलं.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८चा. नाव लागलं १९९४ला. मधी वस्त्या जळाल्या.

दोस्तहो, नकाशात नसलेली शीव कोण मोडणार? आपणच.