आईचं मत

आईला वाचायला मी शिकवलं. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबा घरी बसले, तेव्हा मी सातवीत होतो. लालबागच्या चाळीतली खोली माणसांनी भरलेली, म्हणून आमची शाळा रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या हेच पुस्तक. तिचा पहिला शब्द ‘भारतमाता’, थिएटरवरचा. पुढे रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव तिनं वाचलं, त्या दिवशी संपातसुद्धा चहात साखर जास्त पडली.

त्याआधी ती मत द्यायची ते निशाणी बघून. बाबा वाटेत निशाणी सांगायचे, ती घोकत जायची. कधी चुकली नाही. नावाचं बाबांना कौतुक नव्हतंच. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या. गिरणगावात देसाई हे नाव पोरासोरांना ठाऊक, वर नवऱ्याच्या रक्ताची सहानुभूती. तरी १,६७९ मतांनी शिवसेनेचे वामनराव महाडिक आले, सेनेचे पहिले आमदार. बाबा म्हणायचे, “नावावर मतं पडती तर बाई पडल्या नसत्या.”

संप गेला, गिरणी गेली. आईबाबा माणगाव तालुक्यातल्या गावी परतले, मी लालबागलाच राहिलो. बाबा वारल्यावर वाटेत निशाणी सांगणारं कुणी उरलं नाही, पण आता तिला गरजही नव्हती. तिला वाचता येत होतं ना!

२०१४ला रायगडात लोकसभेला राष्ट्रवादीचे सुनील तटकरे आणि सेनेचे अनंत गीते अशी झुंज होती. आईचं मत रोह्याच्या तटकऱ्यांना, हे तिनं आधीच फोनवर सांगितलं होतं. यंत्रावर मात्र सुनील तटकरे दोन होते. दुसरे अपक्ष. आता स्वतःच्याच नावानं उभं राहायला कुणाची आडकाठी असणार?

मे महिन्यात आंब्यांसाठी गावी गेलो, तर आई पडवीत जुना पेपर घेऊन बसलेली. गीते २,११० मतांनी आले होते. नावाच्या जोडीदाराला ९,८४९ मतं. बोट आकड्यावर ठेवून तिनं विचारलं, “यात माझं एक धरलंय काय रे?”

“म्हणजे?”

“नाव दोनदा होतं. मागं बाया खोळंबलेल्या. मी खालचं दाबलं.”

“आणि निशाणी?”

“निशाणी कशाला बघू? मला वाचता येत नाय काय?”

सगळीच ९,८४९ चुकून पडली असं मी म्हणणार नाही. पण एक तरी पडलं, ते माझ्या शिकवणीतून. एका मतानं काय होतंय, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, “बाकीच्यांची पोरंपण घरोघर हेच सांगत असतील.” आणि पेपराची घडी घालून चुलीच्या फळीवर ठेवली.

पुढच्याच वर्षी, मे २०१५पासून, निवडणूक आयोगानं मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला. २०१९च्या निवडणुकीआधी मी फोनवर म्हटलं, “आई, या वेळी फोटो आहे.”

“असूदे,” ती म्हणाली. “तू मला निशाणी सांग.”