कोठीतली जॉयस्टिक

"मामा, रविवारी सकाळी मोकळा आहेस का? एर्रागड्ड्याच्या बाजारात जायचंय. जॉयस्टिक शोधायची आहे."

भाचीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, परीक्षा संपली असेल आणि आता गेम खेळायचे बेत चालले असतील. पण ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या कॉलेजच्या चमूने रोबो-सॉकरसाठी यंत्र बांधलं होतं. चार चाकं, पुढे चेंडू ढकलणारा दांडा आणि बाहेर उभं राहून ते पळवणारा एक चालक. चालक कोण, हाच प्रश्न होता.

जन्माच्या वेळी भाचीच्या उजव्या खांद्याची नस ताणली गेली होती. व्यायामाने हात बराच सुधारला. सायकल चालवते, पोळ्या लाटते. पण उजवा अंगठा लवकर थकतो आणि त्याला बारीक हालचाल जमत नाही. आणि गेमपॅड नावाची वस्तू तर दोन्ही अंगठ्यांवरच चालते. डाव्याने पुढे-मागे, उजव्याने वळण.

"तू प्रोग्राम लिही, चालवायचं आम्ही बघतो," असं मित्र म्हणाले. मनात काही वाईट नव्हतं, काळजीनेच म्हणाले. ही म्हणाली, "प्रोग्राम तर मी लिहितेच आहे. गाडीपण मलाच चालवायची आहे." शेवटी ठरलं असं की तीन आठवड्यांनी सगळ्यांनी वेळ लावून फेऱ्या मारायच्या. ज्याचा वेळ कमी, तो चालक.

नियमपुस्तिका तिने आधीच वाचली होती. नियंत्रण बिनतारी हवं एवढीच अट होती, कंट्रोलर कुठला याची नव्हती. सगळीकडे असं नसतं. अमेरिकेत सुरू झालेल्या 'फर्स्ट टेक चॅलेंज' स्पर्धेत चालणाऱ्या कंट्रोलरांची यादीच दिलेली असते. पण त्या यादीतही क्वाडस्टिक हे तोंडाने चालवायचं उपकरण आलेलं आहे. भाचीने मला हे मुद्दाम सांगितलं. तिला सवलत नको होती, तिच्या हाताला बसेल अशी वस्तू हवी होती.

एर्रागड्डा, रविवार

आधी आम्ही नवीन वस्तू बघितल्या. हैदराबादेत कॉम्प्युटरचं सामान म्हटलं की सिकंदराबादच्या पार्कलेनचं चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांचं 'सीटीसी'. विमानाच्या गेमसाठीची जॉयस्टिक तिथे मिळाली, पण तिची मूठ उजव्या हातासाठी घडवलेली. अंगठ्याचा खळगा डावीकडे, तळव्याचा फुगवटा उजवीकडे. डाव्या हातात ती उलट्या चपलेसारखी वाटत होती. आता बहुतेक चांगल्या जॉयस्टिक अशाच येतात.

म्हणून मग एर्रागड्डा. तिथला रविवारचा जुना बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो: रस्त्याकडेला चादरी पसरलेल्या आणि त्यांवर शहराने टाकून दिलेलं सगळं. टीव्हीचे रिमोट, मिक्सरची भांडी, कीबोर्डांच्या चळती, चार्जरच्या वायरींचे गुंते. सकाळी लवकर जावं, उन्हं चढली की चांगला माल गेलेला असतो.

दीड तास फिरल्यावर एका चादरीवर ती दिसली. काळी, सरळ दांड्याची, दोन्ही हातांना सारखीच. पण वायरीच्या टोकाला यूएसबी नव्हती, पंधरा पिनांचा रुंद प्लग होता. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाला असा 'गेम पोर्ट' असायचा. आमच्या शेजाऱ्यांकडे होता म्हणून मी ओळखला. भाचीने तो प्रथमच पाहिला. विक्रेत्याने दोनशे सांगितले, ऐंशीला दिली. दांडा हलवला तर एका बाजूला खरखर करत होता.

"ही आता कशालाच लागणार नाही," मी म्हणालो.

"लागायला कशाला पाहिजे? आत काय आहे ते बघू."

गुजराती गल्ली, शनिवार

आत दोन पोटेन्शिओमीटर निघाले. आपल्या जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायचं जे बटण असतं, तेच. एक पुढे-मागेसाठी, एक डावी-उजवीसाठी. दांडा हलला की आतला कणा फिरतो आणि विजेचा अडथळा बदलतो. एवढीच जॉयस्टिकची किमया. पण तीन पायांपैकी दोनच जोडलेले होते, तिसरा मोकळा. हे असं का, ते कळेना. पुढच्या शनिवारी आम्ही कोठीला गेलो.

कोठी म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटची कोठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स कर्कपॅट्रिकने उभारलेली, खांबांची ती भव्य वास्तू. १९४९ पासून तिथे मुलींचं कॉलेज आहे, आता ते महिला विद्यापीठ झालं आहे. तिच्या आसऱ्याने वाढलेला बाजार तो आपला सुलतान बाजार. मराठी माणसाला हा भाग परका नाही. १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्या आईचं शिक्षण तिथलं, आणि वह्या, लोकर, मोत्यांच्या माळा, सगळी खरेदी कोठीतच.

आईच्या कोठीत न बसणारी एक गल्ली मात्र तिथे आहे, ती गुजराती गल्ली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दुकानाच्या पायरीवर चढावं, एवढी अरुंद. पण आत रेझिस्टर, कपॅसिटर, सेन्सर, मोटर आणि सर्किट बोर्डांची दुकानं खच्चून भरलेली. सरकारी ईसीआयएल कंपनी १९६७ मध्ये याच शहरात स्थापन झाली, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला नवीन नाही. आज इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टच्या दिवसांत या गल्लीत इतकी असतात की दुकानदार चेहरा बघूनच सेमिस्टर ओळखतात.

एका छोट्या दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. "क्या होना बेटी?" त्यांनी विचारलं. भाचीने उघडलेली जॉयस्टिक पुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसले. असली चीज दुरुस्तीला येऊन वीस वर्षं झाली असतील, म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. जुना कॉम्प्युटर अडथळा थेट मोजत नसे. त्या अडथळ्यातून एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, ते मोजत असे. त्याला दोनच पाय पुरत. तुमच्या आर्डुइनोला वेळ नको, व्होल्टेज पाहिजे. म्हणून एका टोकाच्या पायाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाच्या पायाला अर्थ आणि मधल्या पायातून मापन. शिवाय जुने पोटेन्शिओमीटर शंभर के चे. इतक्या मोठ्या अडथळ्यावर आर्डुइनोचे आकडे थरथरतात. दहा के चे लावा.

भाचीने समोरच्या डब्यातून दोन उचलले. त्यांवर 'ए १० के' छापलेलं. चाचांनी हात अडवला. "ये गाने का है बेटी, मशीन को नक्को. बी वालाच लगाओ."

'ए' म्हणजे आवाजासाठीचा. आपला कान आवाज ज्या पद्धतीने ऐकतो, त्याला जुळावा म्हणून त्याचा अडथळा सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने बदलतो. तो लावला असता तर दांडा मध्ये असताना रोबोला मध्य सापडलाच नसता. 'बी' सगळीकडे सारखा बदलतो. दिसायला दोन्ही जुळे भाऊ.

मेट्रोत बसल्यावर भाची म्हणाली, "ते 'नक्को' आणि 'बी वालाच' किती आपलं वाटलं!" वाटणारच. दख्खनी बोलीतला 'नक्को' आणि जोर द्यायचा 'च', दोन्ही मराठीकडूनच गेलेले. शेकडो वर्षं शेजारी राहिलं की एवढी देवाणघेवाण होतेच.

दिवाणखान्यातला अपघात

जोडणी झाली तरी काम संपलं नव्हतं. आर्डुइनो व्होल्टेजचे ० ते १०२३ आकडे करतो. पण पोटेन्शिओमीटर पाऊण वर्तुळ फिरतो आणि दांडा त्याला थोडासाच फिरवतो. आमचे आकडे ३८० ते ६५० एवढेच येत. मध्य ५१२ ऐवजी ५२१. भाचीने प्रोग्राममध्ये तेच आकडे ताणून पूर्ण पट्ट्यावर बसवले. मधल्या पंधरा-पंधरा आकड्यांना 'शून्य' ठरवलं, म्हणजे हात सोडला की गाडी रांगत राहणार नाही. मग एका दांड्यावर दोन्ही बाजूंची चाकं आणायची युक्ती: डाव्या चाकांना 'पुढे अधिक वळण', उजव्या चाकांना 'पुढे उणे वळण'. दांडा उजवीकडे झुकवला की डावी चाकं जोरात फिरतात आणि गाडी उजवीकडे वळते. दोन अंगठ्यांचं काम एका मनगटात आलं.

चेंडू मारायला उजव्या बाजूला एक मोठं, आर्केडच्या खेळात असतं तसं गोल बटण बसवलं. अंगठा थकतो, पण तळवा भक्कम आहे. धपकन मारायचं.

बिनतारी जोडणी झाली त्या रात्री दिवाणखान्यात चाचणी सुरू होती. गाडी सोफ्याला वळसा घालून छान आली आणि तेवढ्यात जॉयस्टिकच्या बॅटरीची वायर निसटली. गाडी थांबली नाही. शेवटचा आलेला आकडा धरून ती पूर्ण वेगाने सुटली, ती थेट माझ्या घोट्यावर. मी ओरडलो, आई देवघरातून धावत आली. चार दिवस लंगडलो.

भाची रडवेली झाली. गाडी मित्रांच्या गेमपॅडवर असती तर असं झालं नसतं, असं ती एकदाच पुटपुटली. मग कॉम्प्युटर उघडून बसली. त्या रात्री प्रोग्राममध्ये चार ओळी वाढल्या: पाव सेकंद नवा संदेश आला नाही, तर मोटर बंद. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने वीस वेळा वायर उपटली. वीसही वेळा गाडी जागेवर थांबली. नंतर कळलं, मित्रांच्या प्रोग्राममध्येही या ओळी नव्हत्या. आता आहेत.

फेऱ्या

पहिल्या सरावात ती सर्वांत मागे होती. जरा दांडा हलला की गाडी गिरकी घेई. मग तिने वेगाचं गणित बदललं: दांडा अर्धा ढकलला तर वेग अर्धा न मिळता तीस टक्क्यांच्या आसपास मिळावा, पूर्ण ढकलला तर पूर्ण. मध्याजवळ नाजूक, टोकाला जोरदार. रोज संध्याकाळी तासभर गच्चीवर पाण्याच्या बाटल्या मांडून सराव.

ठरल्या दिवशी पाच-पाच फेऱ्या झाल्या. एका मुलाचा वेळ तिच्याहून थोडा कमी भरला, पण त्याने दोन बाटल्या पाडल्या आणि त्याचा दंड धरला. तोच म्हणाला, "चालव तू."

स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत ते हरले. एका चाकाचा स्क्रू सैल झाला होता, त्यात जॉयस्टिकचा दोष नव्हता. सगळे सामने मात्र तिनेच चालवले. हरल्यावर समोरच्या चमूतला एक डावखुरा मुलगा आला आणि म्हणाला, "जरा हातात घेऊन बघू का?" बराच वेळ ती त्याच्याच हातात होती.

आता तिला कॉलेजच्या रोबोकॉन चमूत जायचं आहे. २००८ साली पुण्यात झालेल्या एबीयू रोबोकॉनचा खेळ आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता, हे मी तिला सांगितलं तेव्हापासून तर ती माझ्या मागेच लागली आहे.

आपल्या मंडळातल्या मुलांना जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. एर्रागड्डा आणि कोठी दोन्ही मेट्रोच्या लाल मार्गावरच आहेत, कोठीसाठी उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरायचं. गुजराती गल्लीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी जा. आधी स्पर्धेचे नियम वाचा. जुनी वस्तू सोबत उघडून न्या, म्हणजे समजावणारा माणूस भेटतो. आणि पहिली चाचणी घेताना चाकं जमिनीपासून वर, विटांवर ठेवा. माझा घोटा थंडीत अजून दुखतो.