न घडलेला प्रवास

प्रवासवर्णने ही घडलेल्या प्रवासांची लिहावीत, असा आपल्याकडे प्रघात आहे. जो काशीला जाऊन आला त्याने काशीविषयी लिहावे. जो विलायतेला गेला त्याने तेथील थंडीविषयी लिहावे. पण ज्याच्या वळकट्या बांधून झाल्या, धपाट्यांचा डबा भरून झाला, शेजाऱ्यांकडे घराची किल्लीही देऊन झाली आणि पाऊल मात्र उंबऱ्याबाहेर पडले नाही, त्याने काय लिहावे? वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या पदरी असे प्रवास असतील. माझ्या पदरी एकाच ठिकाणचे तीन आहेत. ते ठिकाण म्हणजे दाभोळ.

आमचे गाव भालकी तालुक्यात. आईचे माहेर निलंग्याच्या बाजूचे. तिचा जन्म झाला तेव्हा ही दोन्ही गावे निजामाच्या राज्यातील एकाच बीदर जिल्ह्यात होती. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात आली. लग्न होऊन आई बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर आली, ती परराज्यात आली. पुढे सारा जन्म तिचा प्रवास याच वाटेवरचा. एक गाणगापूर आणि दोनदा पंढरपूर सोडले, तर तिने काही पाहिले नव्हते. तिची एकच इच्छा होती, आणि तीही तिने फार मोठ्याने कधी सांगितली नाही. तिला समुद्र पाहायचा होता.

समुद्र पुष्कळ ठिकाणी आहे. मी दाभोळ निवडले ते माझ्या मास्तरकीमुळे. वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते तेथील हे बंदर बहमनी काळात मोठे नांदते होते. इराणातील गीलानचा व्यापारी महमूद गावान १४५३ साली याच बंदरात उतरला आणि बीदरला येऊन पुढे राज्याचा वजीर झाला. त्याने १४७२ साली बांधलेल्या मदरशाचा निळ्या टाइलांचा मनोरा आम्ही बीदरला गेलो की पाहतो. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकण्याच्या आशेने चौलला उतरला, जुन्नरवरून १४६९ च्या सुमारास बीदरला पोहोचला आणि परतताना दाभोळहूनच गलबतात चढला. त्याने वर्णिलेली घोड्यांची जत्रा आमच्या आळंदची असे अभ्यासक मानतात. व्यापार म्हणून त्याचा प्रवास फसलाच, आणि स्वतःच्या गावी पोहोचण्यापूर्वी वाटेतच तो वारला. हे सारे मी वर्गात रंगवून सांगत असे. दाभोळहून बीदरला जग आले. मग बीदरहून दाभोळला आम्ही एकदा जावे, एवढेच माझ्या मनात होते.

पहिला बेत १९९३ च्या दसऱ्याच्या सुट्टीचा. सीमेवरच्या संसारांत सुट्टी हाही एक प्रश्नच असतो. कर्नाटकातील शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीला. आमची उन्हाळी सुट्टी एप्रिलात सुरू होऊन मेअखेर संपत येते, तेव्हा तिकडच्या भाचरांची कोठे रंगात आलेली असते. तरी त्या वर्षी मामांनी रजा काढून सोबत यायचे कबूल केले होते. ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी आणि सास्तूरकडील गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. धक्के आमच्याकडेही बसले. आम्ही कित्येक रात्री अंगणात काढल्या. सहलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आणि आईने बांधलेली वळकटी, दोन्ही मदतीच्या ट्रकमधून गेली. त्या बेताविषयी कोणी पुन्हा अक्षर काढले नाही आणि काढणे शोभलेही नसते.

दुसरा बेत २०१८ च्या मे महिन्यातला. १२ मे रोजी विधानसभेचे मतदान होते आणि सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला मतदान केंद्र सोडून समुद्र पाहायला जाता येत नाही. मतदान आणि मतमोजणी उरकून मोकळा झालो, तोवर शाळा उघडण्याची वेळ आली.

तिसरा बेत मात्र मी पक्का केला होता. २०२० च्या एप्रिलात, परीक्षा संपल्यावर निघायचे. सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि मग दाभोळ. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली की करोनाने देशातील पहिला मृत्यू आमच्या शेजारी कलबुर्गीत झाला. २५ मार्चपासून देश बंद झाला, राज्यांच्या सीमा बंद झाल्या. निलंगा, जे बैलगाडीने एका दिवसावर होते, ते एकाएकी विलायतेइतके दूर गेले. त्या आषाढीला पंढरीची वाटही रिकामी राहिली. संतांच्या पादुका एस. टी. बसमधून नेण्यात आल्या. आईने ते दूरदर्शन संचावर पाहिले आणि म्हणाली, "देवाचीच वारी मोडली, तिथं आपली काय कथा?"

घरी राहणे हाही एक प्रवास आहे, असे लिहिण्याचा मोह येथे होतो. मी तो आवरतो. पहिले दोन महिने आम्ही नुसते घरात बसून होतो आणि त्यात कसलेही काव्य नव्हते. एवढे मात्र खरे की तीस वर्षांत प्रथमच मी आईजवळ सलग बसलो. तिच्या बोलण्यात येणारी माणसे, विहिरी, वाटा मला नव्याने कळल्या. बीदरचा किल्ला अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर. मी दरवर्षी मुलांची सहल तेथे नेत आलो. आणि माझ्या आईने तो आतून कधीच पाहिलेला नाही, हेही मला तेव्हाच कळले.

जुलैत पुरातत्त्व खात्याची स्मारके उघडली. आम्ही कार्तिकापर्यंत थांबलो आणि एका सकाळी शेजाऱ्यांच्या मोटारीतून तिला घेऊन गेलो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. काळ्या रानातून गाडी बीदरच्या पठारावर चढली की माती लाल होते. खडकात खोदलेला किल्ल्याचा तिहेरी खंदक दाखवून मी म्हणालो, "आई, हा जांभा दगड. कोकणातली घरं ह्याच दगडाची असतात." ती म्हणाली, "मग कोकण काय, हेच की!" तिचा विनोद होता, की माझे सांत्वन, हे मला आजही ठरवता येत नाही.

आत गेल्यावर तिने मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. "इठोबानं दामाजीच्या मोहरा मोजल्या त्या कुठं?" दामाजीपंतांची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. मंगळवेढ्यास दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, बीदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम दिला आणि पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारात येऊन धान्याची किंमत भरली. महिपतींनी ती भक्तविजयात गायिली आहे. इतिहासाचा पुरावा मागणारा मी मास्तर. पण आईने दोन हात जोडूनच विचारले होते. मी समोरच्या पडक्या दरबाराकडे बोट केले. तिने चपला काढल्या, त्या तापलेल्या फरशीवर डोके टेकले. पंढरपूरला आपण जातो. बीदरला तो स्वतः आला होता, ही गोष्ट आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना किती जवळची आहे, हे मी त्या क्षणी पाहिले. विनापुरावा बोट दाखवल्याची रुखरुख मला मुळीच नाही.

रंगीन महालाला कुलूप होते. रखवालदाराने म्हातारीकडे पाहून ते काढले. सोळाव्या शतकात अली बरीदने सजवलेला हा लहानसा महाल आहे. आत काळ्या दगडात शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवून वेलबुट्टी आणि फारसी अक्षरे घडवली आहेत. उजेडाची तिरीप पडली की ती कधी गुलाबी, कधी हिरवट चमकतात. बीदरी कामातील चांदी आणि काळा धातू यांचा मेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या जोडीला शोभणारे हे काम वाटेल. मी उत्साहाने सांगितले, "आई, हे समुद्रातले शिंपले."

ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. हात लावायची परवानगी नव्हती. तिने हात मागे बांधून घेतले होते. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "एवढ्या लांबून शिंपले आले रं इथवर. अन् मलाच जाता येईना व्हय?"

त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. परतीच्या वाटेवर मी मनाशी हिशेब मांडू लागलो. पहिला बेत भूकंपाने मोडला, तिसरा महामारीने. त्यांचा दोष कोणाला देणार? पण भूकंप एकदाच झाला होता. १९९३ पासून २०१८ पर्यंतची पंचवीस वर्षे भूकंपाशिवायच गेली होती. त्यांत दोन जनगणना आल्या, कोणाची लग्ने आली, घराचा स्लॅब आला, दरवर्षी उत्तरपत्रिका आल्या. त्यातील एकही कारण खोटे नव्हते आणि एकही पुरेसे नव्हते. संकटाने मोडलेला बेत लोकांना सांगता येतो. आपल्याच आळसाने न आखलेला बेत कोणाला सांगावा?

आमच्याकडे वर्षाची एक सहल कधीच रद्द होत नाही, ती येळवशीची. मार्गशीर्ष अमावास्येला सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे ओस पडतात आणि सारी माणसे रानात जमतात. भज्जी, उंडे, आंबील. पुण्याहून, हैदराबादहून लेकरे येतात. २०२१ ची येळवस आईने रानातच, बोरीच्या सावलीत बसून केली. नातवंडांना तिने शिंपल्यांच्या महालाची गोष्ट सांगितली. तीत महालाचा समुद्र झालेला होता. पुढच्या उन्हाळ्यात निघायचेच, असे मी सर्वांदेखत म्हणालो. ती हसली. त्यानंतर दीड महिन्यात, माघात, ती गेली.

निवृत्तीला आता थोडाच अवधी उरला आहे. घरची मंडळी म्हणतात, आता तरी दाभोळला जाऊ. जाऊही कदाचित. किल्ल्यात मात्र मी दरवर्षी मुलांना नेतो आणि दोन वर्षांपासून सहलीच्या सूचनापत्रात एक ओळ अधिक लिहितो: घरात कोणी आजी-आजोबा येऊ इच्छित असतील तर त्यांची जागा राखून ठेवली जाईल. गेल्या खेपेस अकरा आज्या आल्या. त्यांतील नऊ जणींनी किल्ला प्रथमच पाहिला.

बेत मोडला तर रुसून घरात बसू नये. आपल्या तालुक्यातही न पाहिलेले पुष्कळ असते. तेवढ्यावर समाधान मानता येते, आणि मानावेही. पण घरातील एखाद्या म्हाताऱ्या माणसाने हळू आवाजात एखादे ठिकाण सांगितले असेल, तर वाचकहो, सुट्ट्या जुळण्याची वाट पाहू नका.