सावली की घड

नाशिकमध्ये कुणाच्या कंपाउंडवर चढलेली द्राक्षवेल दिसली की मी थांबून वर बघते. पानं भरपूर असतात, घड नसतो. घरमालकाला विचारलं तर तो म्हणतो, जात खराब निघाली. जातीचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. त्या वेलीला वेळेवर कुणी कापलेलं नसतं, एवढंच.

द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याच्या देशातली. तिकडे हिवाळ्यात तिची पानं गळतात, ती झोपते, आणि वसंतात नव्या फुटीबरोबर घड घेऊन उठते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. मोकळं सोडलं तर ती वर्षभर वाढत राहते आणि पानंच देत राहते. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा कात्री लावतात आणि पीक मात्र एकदाच घेतात. एप्रिलची ती खरड छाटणी, ऑक्टोबरची ती गोडी छाटणी. नावं किती नेमकी आहेत बघा. एप्रिलमध्ये खरोखर खरडतात: मागच्या वर्षीच्या प्रत्येक काडीचा एखादा डोळा ठेवायचा, बाकी सगळं खाली. मांडवावर नुसते लाकडी हात उरतात. अनोळखी माणसाला वाटावं, वेल मेली.

पण पुढच्या फेब्रुवारीतला घड ठरतो तो याच उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर आलेल्या नव्या काड्यांवर डोळे तयार होतात, आणि त्या डोळ्यात घड बसणार की नुसती तणावाची दोरी, हे पहिल्या दीड-दोन महिन्यांत ठरतं. त्यासाठी काडीवर ऊन पडावं लागतं. गर्दी झाली, पानावर पान चढलं, की आतले डोळे वांझ राहतात. ऑक्टोबरमध्ये बागायतदार काड्या लॅबमध्ये नेतात, तिथं डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड दिसतो का ते बघतात, मग कितव्या डोळ्यावर कापायचं ते ठरवतात.

म्हणजे उन्हाळ्यात दाट मांडव ठेवला तर सावली मिळते, उघडा ठेवला तर घड. आमच्या घरातलं भांडण नेमकं इथं सुरू होतं.

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर बाग होती, थॉमसन सीडलेस. २०१४च्या गारपिटीत काढणीला आलेला माल जमिनीवर गेला. त्यानंतर दोन वर्षं कर्जानं बाग ओढली आणि मग ती विकली. विकण्याआधीच्या एप्रिलमध्ये छाटणीच्या ढिगातून आण्णांनी दहा काड्या उचलल्या आणि पिशव्यांत रोवल्या. चार जगल्या. त्यातली एक नाशिकच्या घराच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ लावली. हल्ली बागेत डॉगरिजच्या जंगली खुंटावर कलम करतात. ही मात्र स्वतःच्या मुळांवर आहे, आणि अंगणातल्या मातीत मजेत आहे.

तिसऱ्या वर्षी मांडव भरला. आईनं खाली बाजलं टाकलं. दुपारी तिथं बसून ती शेंगा फोडायची, फोनवर मावशीशी बोलायची. एप्रिल आला आणि आण्णांनी कात्रीला धार लावली.

“वेल सावलीसाठी नसते,” आण्णा म्हणाले.

“वीस वर्षं भर उन्हात उभं राहून तुमच्या घडांची विरळणी केली,” आई म्हणाली. “बाग होती तेव्हा ती तुमची होती. हे अंगण माझं आहे. आता मला सावलीत बसू द्या.”

विरळणी म्हणजे काय, हे बाजारात द्राक्षं घेणाऱ्याला सहसा माहीत नसतं. मण्यांना फुगायला जागा मिळावी म्हणून कोवळ्या घडातले निम्म्याहून जास्त मणी छोट्या कात्रीनं काढून टाकावे लागतात. एकेका घडाचं हे काम, बहुतेक बाया करतात, मान वर करून. रात्री आईची मान खाली होत नसे, ते मला आठवतं. बागेच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं.

शास्त्र आण्णांच्या बाजूनं आहे, हिशेब आईच्या. मी पुण्यात नोकरी करते. दिवाळीची सुट्टी हुकली तरी चालेल, पण दोन्ही छाटण्यांना घरी येते, त्यामुळे पंच मीच. त्या वर्षी मांडवाचे दोन भाग केले. धुण्याच्या दगडावरचा पश्चिमेचा ओलांडा आईचा, त्याला कात्री नाही. पूर्वेचा आण्णांचा.

पूर्वेकडे त्या हंगामात बावीस घड आले. पश्चिमेकडे पाच, तेही चिंचोळे, आणि दाट पानांत भुरी आधी तिथंच शिरली. आण्णा काही बोलले नाहीत, फक्त मोजत राहिले. आईनंही मोजले. पाच पुरे, म्हणाली.

घरच्या वेलीला फवारावं की नाही, यावर मी फार वाचलं. पावसाळी हवेत डावणी येते आणि काहीच न मारता सगळं टिकेल, या भ्रमात राहू नये. आम्ही बोर्डो मिश्रण वापरतो: एका लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र. त्यात लोखंडी पातं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. हा शोध फ्रान्सच्या बोर्डो भागातला, एकोणिसाव्या शतकातला. रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी खाऊ नयेत म्हणून तिथले बागायतदार वेलींवर हे निळं मिश्रण शिंपडायचे, आणि नेमक्या त्याच वेली रोगातून वाचलेल्या दिसल्या.

जीएचं पाणी मात्र मी लावू दिलं नाही. थॉमसनच्या मण्यात बी धरतं, पण अर्ध्यात थांबतं. मणी फुगवणारं संजीवक बियांतून येतं, ते कमी पडतं म्हणून बागेत घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवतात. न बुडवलेला मणी बारीक राहतो, वाटाण्याहून थोडा मोठा. आण्णांच्या दृष्टीनं हा माल नापास. पहिल्या वर्षी त्यांनी एक मणी दोन बोटांत धरला आणि म्हणाले, “याला कोण विचारणार?” विचारणारं कुणी नव्हतंच, आम्ही तिघंच खाणार होतो. खाताना मात्र ते पूर्ण पिकेपर्यंत थांबायला लावतात, कारण तोडल्यावर द्राक्ष गोड होत नाही. आंब्यासारखी अढी इथं नाही.

यंदा जानेवारीत थंडी वाढली. दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की हिरवे मणी गुलाबी पडतात, म्हणून घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बागेत हे काम मजूर करत. इथं आई स्टुलावर उभी होती, आण्णा खालून कागद देत होते. सात-आठ घड झाल्यावर ती हातातल्या पानावरचे लासलगावचे भाव मोठ्यानं वाचू लागली.

“कांद्याचा राहू दे,” आण्णा म्हणाले. “द्राक्षाचा वाच.”